सतरावं पान

गुरुवार, ९ मार्च

चि. ठकूला आईचे आशीर्वाद.

त्या सकाळी मी आधी पाणी भरून घेतलं, कारण साडेसातला नळ जायचा. मग काकांचा राखाडी शर्ट इस्त्रीला घेतला. (बाबा तू त्यांना कधी म्हटलं नाहीस, म्हणून मीही काकाच लिहिते.) कॉलरच्या आत ग्रीसचा डाग होता. लिफ्टच्या ग्रीसचे डाग जात नाहीत, झाकावे लागतात. मी खडू घासून झाकला. काका बाहेरच्या खोलीत एका पायावर उभं राहून मोजा चढवत होते आणि तिथूनच ओरडत होते, "अगं, आपण काय लग्नाला चाललोय का? जुना शर्ट चालेल." मी म्हटलं, "लग्नाला गेलो असतो तर जुना चालला असता." ते हसले आणि मोजा घालता घालता तोल जाऊन भिंतीला टेकले. मग मी डबे भरले, आणि भरून झाल्यावर आठवलं की आज दोघांनीही रजा टाकली आहे. भरलेले डबे तसेच ओट्यावर राहिले. निघताना खिडकी लावली, गॅस बघितला, जिन्यातून परत येऊन पुन्हा बघितला. काका म्हणाले, "बघितलास? आहे ना जागेवर?"

पण ते राहू दे. पत्र लिहायला बसले आणि तुझी खुशाली विचारायच्या आधीच बारा वर्षं मागे गेले. ती सकाळ हल्ली सारखी आठवते. का, ते लिहीन कधीतरी.

तू कशी आहेस? पाठ दुखायची थांबली का? प्रयोगशाळेत दिवसभर स्टुलावर बसतेस, पाठीला टेकायला काही नसतं. उशी ने म्हटलं की तू हसतेस. नेऊन तर बघ.

तुझा निरोप फोनवर वाचला. घर बघितलंत, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. वाचून बरं वाटलं. चष्मेवाल्याला आवडलं का? त्याला चष्मेवाला म्हणते म्हणून रागावू नकोस. चार वर्षांत एकदा त्याला दाराशी उभा केलास, तोही रिक्षा थांबवून. मला त्याचा चष्माच तेवढा दिसला.

निरोपाच्या शेवटी लिहिलं आहेस, "बाबांच्या पैशातला माझा अर्धा वाटा आता लागेल." त्याचं उत्तर मी देणार आहे. फोनवर देत नाही, कारण फोनवर मी काही बोलले की तू "हं" म्हणतेस, तू काही बोललीस की मी "बरं" म्हणते, आणि दोघी भाजीच्या भावावर येऊन थांबतो. कागदावर विषय बदलला तर निदान दिसतो तरी.

दुकानात बांधणीला वर्षअखेरीच्या नोंदवह्या आल्या आहेत. पुठ्ठे कापता कापता पुठ्ठेवाली तुला विचारत होती. "तुझी लेक अजून तेवढीच फटकळ आहे का गं?" मी म्हटलं, फटकळ असायला आधी बोलावं लागतं.  माझे डोळे आता दमतात. दोरा ओवायला तिलाच सांगते. पण वाचणं सुटलं नाही. चौथीत शाळा सुटली आणि खरी शाळा या दुकानात भरली, हे तुला मी शंभरदा सांगितलं असेल. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं असतात, चार सरळ आणि चार डोक्यावर उभी. घड्या घातल्या की फर्मा होतो आणि सगळी पानं शहाण्यासारखी सरळ होतात. मालक ओरडायचे, "बाई, वाचू नका, खालचा नंबर बघा! वाचलंत की फर्मा चुकतो." पण डोळ्यांना कोण अडवणार? सरळ पानं संपली की मी उलटी वाचायची. तुला आठवतं का, तू जेवायच्या टेबलावर अभ्यास करायचीस आणि मी पलीकडून भाजी चिरता चिरता तुझ्या वहीतल्या चुका सांगायचे. "माझ्या आईचे डोळे उलटे आहेत," असं तू वर्गात सांगून आली होतीस.

काकांना जाऊन अकरा आठवडे झाले. मी बरी आहे. कामावर जाते, जेवते. जिन्यात पावलं वाजली की मात्र ऐकत राहते. लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस स्वतः जन्मभर जिन्यानेच चढला, आणि दुसऱ्या वळणावर थांबून खिशात किल्ली शोधायचा. आता जिन्यातून पुष्कळ जण जातात, पण त्या वळणावर कुणी थांबत नाही.

त्यांचा मुलगा परवा येऊन गेला. सभ्य आहे. चपला बाहेर काढतो. जाताना खिडक्यांची मापं घेऊन गेला. पडदे करायचे असतील.

एकच विचारायचं होतं. तुमच्या नव्या घराचे कागद कुणाच्या नावावर होणार? उलट टपाली एवढं कळव. बाकीचं मी मग लिहिते.

तुझी,
आई


शुक्रवार, १७ मार्च

ठकू, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी चार पानं लिहिली, तू सहा ओळी. पण सहाही ओळी कामाच्या. "माझी नोकरी कराराची, बँक माझा पगार धरत नाही. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर मिळतंय, म्हणून घरही त्याच्याच नावावर. सुरुवातीची रक्कम मी भरतेय. कागदावर कुणाचं का असेना, घर आपलंच ना? तू पैशांचं हो की नाही तेवढं सांग."

नाही.

पैसे नाहीत. तुझा अर्धा वाटा नाही, आणि माझाही नाही. बारा वर्षांपूर्वी सगळेच्या सगळे मी या घराच्या सुरुवातीच्या रकमेत घातले. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि याच टेबलाशी उभी राहून म्हणाली होतीस, "बाबा त्या गोदामात पोत्यांची रास अंगावर पडून मेले, त्याचे ते पैसे आहेत. त्या माणसाच्या घरात घालू नकोस." मी म्हटलं, "तुझा अर्धा बाजूला ठेवलाय." तू पिशवी उचललीस आणि वसतिगृहात राहायला गेलीस. बाजूला काहीही ठेवलं नव्हतं. त्या खोट्यावर मी बारा वर्षं काढली. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही, असं म्हणायची सोय होती. आता तीही राहिली नाही.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर पुन्हा शर्टाच्या कॉलरवर जाऊन बसेन.

काकांनी आणि मी हे घर बघितलं तेव्हा त्यांचा पगार बँकेतून यायचा. माझा मालकांच्या खिशातून यायचा, तोही शनिवारी, तोही अर्धा. बँकेने मला धरलंच नाही. नवरा-बायको म्हणून काही झालं असतं, तर आमचं लग्न कागदावर नव्हतं. तुझ्या बाबांच्या कंपनीकडून दरमहा जे यायचं ते मी दुसरं लग्न केलं तर बंद होणार होतं. कंपनीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, आणि ते मी वाचलं होतं. त्या पैशांवर तुझी फी जात होती. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. मीच ठरवलं होतं, आणि आज पुन्हा तेच ठरवीन. पण हिशेब असा झाला की ठकूची फी चालू राहावी म्हणून आईने लग्न केलं नाही, आणि लग्न नाही म्हणून घरावर आईचं नाव नाही.

ती डबे भरून विसरलेली सकाळ बँकेत जायची होती. बँकेतल्या बाईंनी काकांच्या सोळा पानांवर सह्या घेतल्या. मग सतरावं पान काढलं आणि म्हणाल्या, "हे यांचं. पैसे यांच्या खात्यातून येताहेत, म्हणून यांनी लिहून द्यायचं. नेहमीचाच कागद आहे." काका म्हणाले, "अगं, एवढंच की हे पैसे उधारीचे नाहीत." मी सवयीने खालचा नंबर बघितला, कडा जुळवल्या आणि सही केली. मालकांनी शिकवलं तसं. वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सतरा पानांची आपल्याकडची प्रत मी दुकानात नेली. सुट्टे कागद घरात हरवतात. चारी बाजू कातरून घेतल्या, टोच्याने पाच भोकं पाडली, मेण लावलेला दोरा दुहेरी घेतला आणि शिवली. वर निळं कापड लावलं. पुठ्ठेवालीने हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "ही शिवण तुझ्यामाझ्या नंतर राहणार." काकांना इतकी आवडली की येईल त्याला दाखवायचे. पाणी आणून द्यायच्या आधी फाइल आणायचे.

माझं नाव घालायचं ते विसरले नव्हते. दर वर्षी एकदा तरी निघायचंच. "कर्ज फिटलं की पहिलं काम तुझं नाव. चालू लिफ्टमध्ये हात घालायचा नसतो. थांबली की उघडू." हप्त्यांची तीन वर्षं उरली होती. डिसेंबरात एका सकाळी मोजा घालता घालता ते भिंतीला टेकले, आणि या वेळी हसले नाहीत. कर्जावर विमा होता. त्याने उरलेलं कर्ज एका दिवसात फिटलं. घर मोकळं झालं, आणि मुलाचं झालं.

पडदे करायचे असतील, असं मी तुला लिहिलं. पडदे त्याच्या बायकोला करायचे आहेत. महिनाअखेरपर्यंत मला मुदत आहे.

तो वाईट नाही गं. तोच तर त्रास आहे. भांडला असता तर मीही चार शब्द बोलले असते. गेल्या शनिवारी तो एका वकीलबाईंना घेऊन आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मावशी, तुमचं काही कागदावर असेल तर दाखवा. मी नाही म्हणणार नाही. माझी दोन मुलं भाड्याच्या एका खोलीत आहेत, पण तुमचा हक्क असेल तर असेल." मी उठले आणि मोठ्या ऐटीत फाइल आणली. मला वाटलं, पैसे माझ्या खात्यातून गेले त्याचा पुरावा आत असेलच. आणि होता. सतराव्या पानावर.

वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं. ही रक्कम मी प्रेमापोटी बक्षीस म्हणून देत आहे. ती परत मागणार नाही. या घरावर आज किंवा पुढे कधीही कोणताही हक्क सांगणार नाही. खाली माझी सही, ठसठशीत, शाळेतल्यासारखी.

"पैसे तुम्ही दिलेत हे यातूनच सिद्ध होतं," त्या म्हणाल्या, "आणि तुमचं काही नाही हेही यातूनच." मग त्यांनी पान वर उचलून फाइलच्या पाठीकडे बघितलं. "शिवलंय कुणी हे? जाम हलत नाही."

"मीच," मी म्हटलं.

मुलाने मान खाली घातली. वकीलबाईंनी फाइल मिटली आणि त्या म्हणाल्या, "सुरेख शिवलंय."

त्या गेल्यावर मी टेबलाशी बसून शिवण उसवली. बाजूने टोचून शिवलेल्या वहीतून एक पान काढायचं तर सगळा दोरा कापावा लागतो, हे तू लहानपणी वहीचं पान फाडून मार खाल्लास तेव्हापासून तुला माहीत आहे. बारा वर्षांनी तो दोरा ओढताना मेणाचा वास आला. सतरावं पान या पत्रासोबत पाठवते आहे. फाइल मुलाला द्यायची आहे, तेव्हा वाचून परत पाठव. पण आधी वाच. पूर्ण वाच, मी वाचलं नाही तसं करू नकोस. तुझ्यापुढेही असाच कागद येईल, नेहमीचाच म्हणून.

सही करू नकोस, ठकू. कागदावर दोन नावं घालता आली तर पैसे घाल. नाहीतर एक साधा कागद दोघांच्या सह्यांनी करा, की घरातला एवढा भाग तिचा. तेही नसेल जमत तर पैसे तुझ्यापाशी राहू देत आणि भाड्याने राहा. सकाळचं ऊन भाड्याच्या घरातही येतं. चष्मेवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. काका कुठे लबाड होते? लबाड माणसापासून बाई सावध तरी राहते. चांगला माणूसही मरतो, रागावतो, त्याचं मन बदलतं, आणि कागद जसा लिहिला तसाच राहतो.

तू मला काय म्हणशील ते म्हण. बाबांचे पैसे मी घालवले, आणि वर तुला शिकवते आहे. पण चुकलेला फर्मा दाखवल्याशिवाय दुसरीला काम शिकवता येत नाही.

खोटं बोललेली,
तुझी आई


गुरुवार, ३० मार्च

ठकू,

आशीर्वाद. तुझं पाकीट मंगळवारी दुपारी मिळालं. पुठ्ठेवालीने जाड म्हणून हातात तोलून बघितलं आणि म्हणाली, "लेकीने पैसे धाडले वाटतं." मी म्हटलं, नाही, माझंच पान परत आलं.

शिव्या दिल्या नाहीस. मी तयारी करून बसले होते, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना त्याच शोधत राहिले. तू लिहिलंस की माझं पत्र तुला मंगळवारी, एकवीस तारखेला पोचलं, आणि तुझी बँकेची वेळ गुरुवारची होती. म्हणजे दोन दिवस हातात होते. लिहिलंस, "बँकेतल्या माणसाने कागद पुढे केला तेव्हा मी तुझं पान पिशवीतून काढून शेजारी ठेवलं. शब्दन् शब्द तोच आहे, आई. फक्त रक्कम वेगळी. मी दोन्ही पूर्ण वाचले. तो शेजारी बसला होता, तो म्हणाला, 'काय शोधतेस?' मी म्हटलं, 'काही नाही.' आणि सही केली. तू न वाचता केलीस, मी वाचून केली. एवढाच फरक."

आठ वर्षांची साठवण. आणि माझ्याकडून काही येणार नाही म्हटल्यावर आजीच्या कुड्याही मोडल्यास. त्या तुझ्याच होत्या, मी काही म्हणत नाही.

मी ते पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ चिकटवायला घेतलेली खळ ढवळत राहिले. ती घट्ट होऊन गेली. ठकू, एवढासुद्धा फरक नाही. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की वाचला नाही. ते खोटं होतं. वकीलबाईंसमोरही मी तसाच चेहरा करून बसले होते, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा. त्या पत्रात आधीचं खोटं कबूल करता करता मी नवं लिहून टाकलं. सवय, दुसरं काय.

बँकेतल्या बाईंनी सतरावं पान काढलं आणि स्वतःपुढे ठेवून त्यावर तारीख घालत होत्या. माझ्या बाजूने ते उलटं होतं. मी आयुष्यभर उलटी पानं वाचत आले. त्यांची तारीख घालून होईपर्यंत माझं वाचून झालं होतं. "या घरावर कोणताही हक्क सांगणार नाही," हे वाक्य मी डोक्यावर उभं असतानाच वाचलं. मग त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला, आणि तो सरळ झाल्यावर मी त्याच्याकडे बघितलंच नाही. नंबर बघितला, कडा जुळवल्या, सही केली.

का, असं तू विचारणार नाहीस, कारण आता तुला माहीत आहे. तरी लिहिते. काका शेजारी बसले होते. राखाडी शर्ट, आतला खडू घामाने ओला झालेला. त्यांचा हात माझ्या पिशवीवर होता, पिशवीत पैसे असल्यासारखा, खरं तर तिच्यात फक्त छत्री होती. नऊ वर्षं मी एकटीने दाराला कडी घातली होती आणि एकटीने काढली होती. मी विचारलं असतं, "हे काय लिहिलंय?" तर ते बिचारे बाईंना विचारते, बाई साहेबांना विचारत्या, आणि कदाचित सगळंच थांबलं असतं. किंवा थांबलं नसतं, पण त्यांनी माझ्याकडे एकदा वेगळ्या नजरेने बघितलं असतं. घर नसतं मिळालं तर मी जगले असते. ती नजर मला नको होती. म्हणून मी "काही नाही" म्हटलं. मला तर कुणी विचारलंही नव्हतं, तरी मनात म्हटलं.

आणि त्याचं वाईट वाटलं का, तर त्या दिवशी नाही. त्या संध्याकाळी काकांनी रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून हाक मारली, "अगं, आवाज घुमतोय बघ!" आणि दोघं म्हाताऱ्यांसारखं वागायचं वय असून पोरांसारखे हाका मारत राहिलो. ती संध्याकाळ मला आता कुणी विकत मागितली तरी मी देणार नाही. पण राहायला संध्याकाळ पुरत नाही.

म्हणून तुला दोष कुठल्या तोंडाने देऊ? मला वाटलं होतं, आई वाचलं नाही म्हणून फसली असं सांगितलं, तर निदान लेक तरी वाचून थांबेल. वाचणाऱ्याला कुणी फसवत नाही, असं मी तुला लहानपणापासून सांगत आले, भाजी चिरता चिरता. ते खरं नव्हतं. तू वाचलंस, मीही वाचलं.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. "महिनाअखेर कुठे जाणार आहेस? चार दिवस इकडे ये. जास्त दिवसांचं त्याला विचारून कळवते." ती ओळ तू किती सहज लिहिलीस, ठकू. मी तिच्यावरून बोट फिरवलं. घरात राहायला जाऊन तुला अजून आठवडा झाला नाही. कळवू नकोस. विचारूही नकोस. त्याने हो म्हटलं असतं, तरी दर सकाळी तुला वाटलं असतं की त्याने हो म्हटलं. ते ओझं तुझ्या डोक्यावर नको.

पुठ्ठेवालीच्या मागच्या खोलीत तिचा भाऊ राहायचा, ती रिकामी आहे. भाडं ती सांगत नाही आणि मी विचारायची थांबत नाही. खिडकी एकच आहे आणि ती गल्लीत उघडते. दुकानातून जमवलेली माझी पुस्तकं भिंतीशी रचून ठेवली तर झोपायला जागा उरते. मी तिला म्हटलं, सगळी नाही आणली, निम्मी मालकांना परत दिली. ती म्हणाली, "मग उरलेली निम्मी मला वाचून दाखव. मी पुठ्ठे कापले, आत काय होतं ते कधी कळलं नाही." तेवढं काम आहे.

चष्मेवाल्याशी भांडू नकोस. माझ्या पत्रांमुळे त्याच्याकडे संशयाने बघू नकोस, त्याने काही केलेलं नाही. पण दर वर्षी एकदा त्याला म्हण, की माझं नाव घाल. तो हसेल, नंतर बघू म्हणेल, तरी पुढच्या वर्षी पुन्हा म्हण. मी कधी म्हटलं नाही. काका स्वतःच म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं छान वाटायचं की मी फक्त ऐकत राहिले.

पाठीला उशी घे. पत्र पाठवलंस तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. बुधवारी सकाळी मी कामावर लवकर गेले. सतरावं पान सोळाच्या मागे ठेवलं, कडा जुळवल्या. भोकं जुनीच होती, नवी पाडावी लागली नाहीत. पुठ्ठेवालीने दोरा ओवून दिला. त्याला मेण लावलं, दुहेरी घेतला आणि पूर्वीसारखीच फाइल शिवली. मग त्या घरी गेले. तो मुलगा दाराशी वाट बघत होता. फाइल आणि किल्ली त्याच्या हातात दिली, आणि जिना उतरून परत कामावर गेले.

सगळं वाचून, तरीही तुझी,
आई